‘मशीनवर लिनक्स आहे’ हे उत्तर का चालत नाही? एका छोट्या फाइलची मोठी गोष्ट



सॉफ्टवेअरच्या धंद्यात पैसा विक्रीत येतो आणि सपोर्टमध्ये जातो, हे आपण चॅनेलवर बऱ्याचदा बोललोय. बिलिंगचं सॉफ्टवेअर असो, क्लिनिकचं असो की सोसायटीच्या हिशोबाचं, एकदा विकलं की फोन सुरू होतात. आज त्यातला एकच फोन घेऊ.

"तुमचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाहीये."

"बरं, मशीनवर काय आहे?"

"लिनक्स आहे."

झालं! इथून पुढचा अर्धा तास गेला समजा. कारण ‘लिनक्स आहे’ म्हणणं म्हणजे किराणा दुकानात जाऊन ‘मसाला द्या’ म्हणण्यासारखं आहे. कुठला? कोणाचा? कधीचा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिनक्स म्हणजे खरं तर फक्त आतला गाभा, त्याला कर्नल म्हणतात. त्याभोवती बाकीचं सगळं सामान बांधून वेगवेगळ्या कंपन्या आणि संस्था आपापलं पाकीट तयार करतात. त्या पाकिटाला डिस्ट्रिब्युशन किंवा नुसतं ‘डिस्ट्रो’ म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, रेड हॅट, सुसे ही सगळी पाकिटं. आपल्याकडे सी-डॅकने बनवलेली बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, हीसुद्धा एक डिस्ट्रो आहे आणि ती डेबियनवर आधारलेली आहे.

आता प्रत्येक पाकिटात सामान ठेवायची पद्धत वेगळी. साधं उदाहरण घ्या. अपाचे नावाचा वेब सर्व्हर डेबियन आणि उबुंटूवर ‘अपाचे२’ या नावाने मिळतो आणि रेड हॅटच्या घराण्यात ‘एचटीटीपीडी’ या नावाने. माल तोच, नाव वेगळं. मागवायची कमांडही वेगळी, इकडे ‘एपीटी’, तिकडे ‘डीएनएफ’, सुसेवर ‘झिपर’. म्हणजे तुमच्या इन्स्टॉलरला काम सुरू करण्याआधी एक गोष्ट कळलीच पाहिजे: आपण कोणाच्या घरात उभे आहोत?

आणि गंमत बघा. हा एवढा साधा प्रश्न विचारायची एकच एक ठरलेली पद्धत लिनक्सच्या जगात कितीतरी वर्षं नव्हती.

प्रत्येकाची पाटी वेगळ्या भिंतीवर

जुन्या काळी प्रत्येक डिस्ट्रो आपलं नाव आणि व्हर्जन एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. फाइल असायची ‘इटीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये. इथपर्यंत एकमत होतं. त्यापुढे मात्र ज्याचं त्याचं. रेड हॅटची फाइल ‘रेडहॅट-रिलीज’, सुसेची ‘सुसे-रिलीज’, डेबियनची ‘डेबियन_व्हर्जन’, स्लॅकवेअरची ‘स्लॅकवेअर-व्हर्जन’, जेंटूची ‘जेंटू-रिलीज’. तुम्हाला सॉफ्टवेअर विकायचं असेल तर या सगळ्या फाइली एकेक करून शोधायच्या. जी सापडेल त्यावरून अंदाज बांधायचा.

त्या अंदाजातही खड्डे होते. उबुंटू ही डेबियनपासून बनलेली असल्यामुळे उबुंटूमध्येही ‘डेबियन_व्हर्जन’ ही फाइल असते. उबुंटू २२.०४ मध्ये ती उघडली तर आत लिहिलेलं असतं ‘बुकवर्म/सिड’. उबुंटूचं नाव नाही, की २२.०४ हा आकडा नाही! तुमच्या प्रोग्रॅमने आधी ही फाइल शोधली तर तो समजणार, मशीन डेबियनची आहे. म्हणजे फाइली शोधायचा क्रमसुद्धा जपावा लागायचा.

बरं, योग्य फाइल सापडली तरी आतला मजकूर माणसाने वाचायसाठी लिहिलेला. सेंटओएस ६ मध्ये ‘सेंटओएस रिलीज ६.१० (फायनल)’ अशी ओळ होती. एखाद्याने स्क्रिप्ट लिहिली की ओळीतला तिसरा शब्द उचल, तो व्हर्जन नंबर. बरोबर चाललं. मग सेंटओएस ७ आलं आणि ओळ झाली ‘सेंटओएस लिनक्स रिलीज ७.९.२००९ (कोअर)’. मध्ये एक ‘लिनक्स’ शब्द वाढला, आणि तिसरा शब्द आता ‘रिलीज’. स्क्रिप्टला व्हर्जन म्हणून ‘रिलीज’ मिळालं! रेड हॅटच्या मूळ सिस्टिमवर ओळ होती ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स सर्व्हर रिलीज ६.१० (सँटियागो)’, तिथे नंबर सातव्या जागेवर.

ही चूक कोणाची म्हणायची? डिस्ट्रोवाल्यांनी कधी वचन दिलं नव्हतं की नंबर तिसराच शब्द असेल. स्क्रिप्टवाल्याकडेही दुसरा मार्ग नव्हता. करारच नव्हता, तर मोडला कोणी? पण फोन कोणाला येतो? सॉफ्टवेअर विकणाऱ्याला. मोठ्या कंपनीकडे अशा दहा सिस्टिम लॅबमध्ये लावून तपासायला माणसं असतात. दोघाजणांनी सुरू केलेल्या फर्मला मात्र रविवार घालवावा लागतो.

पायथन भाषेचंच बघा. त्यात ‘कुठली लिनक्स आहे’ ते सांगणारं एक तयार फंक्शन होतं. या सगळ्या फाइलींच्या मागे धावता धावता ते एवढं अवघड झालं की पायथन ३.८ मध्ये, २०१९ साली, ते काढूनच टाकलं. पायथनसारख्या प्रकल्पाने हात टेकले, तर तुमच्या आमच्या स्क्रिप्टचं काय घेऊन बसलात!

आधी एक मोठा प्रयत्न झाला होता

असं नाही की कोणाला हे कळत नव्हतं. लिनक्स स्टँडर्ड बेस, म्हणजे एलएसबी, नावाचं एक प्रमाणीकरण होतं. त्याची पहिली आवृत्ती २००१ साली आली. त्यात ‘एलएसबी_रिलीज’ नावाची कमांड ठरवून दिलेली होती. ती चालवली की डिस्ट्रोचं नाव आणि व्हर्जन मिळतं. आजही बऱ्याच ठिकाणी ती सापडते.

पण अडचणी दोन. एक, ही कमांड म्हणजे चालवायचा एक प्रोग्रॅम. तो वेगळा इन्स्टॉल केलेला असेल तरच उपयोग, आणि कित्येक मशीनवर तो नसायचाच. शिवाय सिस्टिम नुकती सुरू होत असताना, बाकी काहीच उभं राहिलेलं नसताना, फक्त नाव विचारायला एक प्रोग्रॅम चालवायचा हा द्राविडी प्राणायाम. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. एलएसबी म्हणजे फक्त ओळख नव्हती. कुठल्या लायब्ररी हव्यात, पॅकेज कुठल्या स्वरूपात हवं, सगळं त्यात होतं. पॅकेजसाठी तर रेड हॅटचं ‘आरपीएम’ हे स्वरूप ठरवलेलं. आता डेबियनची स्वतःची पॅकेजची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली. ते कशाला मनापासून स्वीकारतील? २०१५ मध्ये डेबियनने एलएसबीचा बहुतेक भाग सोडून दिला, नाव सांगणाऱ्या कमांडसारख्या मोजक्या गोष्टी तेवढ्या ठेवल्या.

माझं मत विचाराल तर एलएसबीचा हेतू चांगला होता, पण त्याने सगळ्यांना एकसारखं व्हायला सांगितलं. धंद्यातल्या माणसाला एकसारखं व्हायचं नसतं.

मग आली ती छोटी फाइल

‘सिस्टिमडी’ नावाचा एक प्रकल्प आहे. लिनक्स मशीन चालू झाल्यावर बाकी सगळ्या सेवा सुरू करण्याचं काम तो करतो. या प्रकल्पातून ‘ओएस-रिलीज’ नावाची एक फाइल पुढे आली, आणि २०१२ च्या सुरुवातीला लेनर्ट पोटरिंग यांनी ती लोकांसमोर नीट मांडली. सांगणं साधं होतं. सगळ्यांनी ‘इटीसी’ फोल्डरमध्ये एकाच नावाची फाइल ठेवा, आत ठरलेल्या नावांच्या ओळी लिहा. बाकी तुमचं घर तुम्ही हवं तसं चालवा.

फाइल अशी दिसते. प्रत्यक्षात हे सगळं इंग्रजी अक्षरांत असतं, आपण देवनागरीत लिहू:

नेम="उबुंटू"
आयडी=उबुंटू
आयडी_लाइक=डेबियन
व्हर्जन_आयडी="२२.०४"
प्रिटी_नेम, होम_यूआरएल, सपोर्ट_यूआरएल, बग_रिपोर्ट_यूआरएल… वगैरे.

आपल्यापैकी जे लोणची, चटण्या, मसाले पॅक करून विकतात त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. पाकिटावर काय छापावं लागतं? मालाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, ग्राहक सेवेचा नंबर. तसंच हे लेबल. फक्त हे वाचणारा ग्राहक बहुतेक वेळा दुसरा प्रोग्रॅम असतो.

इथे एक फार शहाणपणाची गोष्ट केली आहे, त्यावर थोडं थांबू. माणसासाठीचं नाव आणि यंत्रासाठीचं नाव वेगळं ठेवलं. ‘प्रिटी_नेम’मध्ये तुम्ही हवं तेवढं सजवून लिहा, मोठी अक्षरं, कंस, टोपणनाव, काहीही. तो स्क्रीनवर दाखवायला आहे. पण ‘आयडी’ मात्र छोट्या लिपीतल्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आणि एकदा ठरवलं की बदलायचं नाही. मार्केटिंगवाल्यांनी उद्या नावात ‘प्रो’ नाहीतर ‘प्लस’ घातलं तरी ‘आयडी’ला धक्का लागत नाही. सेंटओएसच्या ओळीत ‘लिनक्स’ शब्द घुसल्यामुळे जो घोळ झाला, तो असा मुळातूनच बंद झाला. अगदी सिस्टिम सुरू होताना नाव कुठल्या रंगात दाखवायचं, यासाठीही एक ओळ आहे. हौसेला मोल नाही!

स्वीकारायला खर्च किती? दहा-बारा ओळींची एक टेक्स्ट फाइल. म्हणून ती पसरली. पोटरिंग यांच्या टीमने तर स्वतःच्या प्रोग्रॅममधून जुन्या वेगवेगळ्या फाइली वाचायचा कोड काढून टाकला, कारण तोपर्यंत मोठ्या डिस्ट्रोंनी नवी फाइल ठेवायला सुरुवात केली होती. सिस्टिमडी न वापरणाऱ्या अल्पाइन आणि स्लॅकवेअरमध्येही ही फाइल आहे. फ्रीबीएसडी तर लिनक्ससुद्धा नाही, तिच्यातही आहे. आणि ज्या पायथनने हात टेकले होते, त्याने ३.१० मध्ये, २०२१ साली, फक्त ही फाइल वाचणारं नवं फंक्शन दिलं.

लहान माणसाची सोय: ‘आयडी_लाइक’

आता माझी सगळ्यात आवडती ओळ. ‘आयडी_लाइक’. अर्थ काय? ‘मी अमुक नाही, पण अमुकच्या घराण्यातला आहे.’

हिचं महत्त्व कळायला जुनी पद्धत आठवा. नवीन, लहान डिस्ट्रो बाजारात आली की सॉफ्टवेअरवाले तिला ओळखत नसत. ते फक्त ‘रेडहॅट-रिलीज’ शोधायचे. मग लहान डिस्ट्रोने काय करायचं? मोठ्याच्या नावाची फाइल स्वतःकडे ठेवायची. सेंटओएसमध्येसुद्धा ‘रेडहॅट-रिलीज’ या नावाने फाइल होती. चालायचं असेल तर दुसऱ्याची पाटी लावा, स्वतःची पाटी लावली तर कोणी दारात उभं करत नाही!

ब्राउझरच्या जगात हाच प्रकार कुठल्या थराला गेला ते माहितीये? तुमचा ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला आपली ओळख सांगतो, आणि ती जवळपास नेहमी ‘मोझिला’ या शब्दाने सुरू होते. क्रोम असला तरी. कारण एकेकाळी वेबसाइट नेटस्केपला चांगलं पान द्यायच्या आणि त्याची ओळख ‘मोझिला’ होती. मग इंटरनेट एक्सप्लोररने तेच नाव सांगायला सुरुवात केली, पुढे बाकीच्यांनीही. ऑपेराचं तर त्याहून पुढचं. दहावी आवृत्ती आली तेव्हा काही वेबसाइट व्हर्जनचा फक्त पहिला आकडा वाचत होत्या, म्हणजे १० ला १ समजत होत्या. म्हणून ऑपेरा १० ने आपलं व्हर्जन ९.८० सांगायला सुरुवात केली!

‘आयडी_लाइक’ने ही खोटं बोलायची गरजच काढून टाकली. आता लिनक्स मिंट ‘आयडी’मध्ये स्वतःचं नाव लिहिते आणि ‘आयडी_लाइक’मध्ये उबुंटू आणि डेबियन. नाव स्वतःचं, नातं जाहीर.

याची परीक्षा लवकरच झाली. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस लिनक्स ८ हे २०२१ च्या अखेरीस बंद होणार. जगभर होस्टिंगवाले, सॉफ्टवेअरवाले त्यावर धंदा चालवत होते. २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन नव्या डिस्ट्रो आल्या आणि लोक तिकडे वळायला लागले. आता विचार करा, तुमच्या इन्स्टॉलरमध्ये ‘आयडी बरोबर सेंटओएस असेल तरच पुढे जा’ असं लिहिलेलं आहे. नव्या मशीनवर तो दारातूनच परत येणार, खरं तर आत सगळं ओळखीचं असूनही. आणि ज्याने लिहिलं होतं ‘आयडी माहीत नसेल तर आयडी_लाइक बघ, त्यात आरएचईएल किंवा फेडोरा असेल तर त्या घराण्याच्या पद्धतीने चल’, त्याची ओळख पटवायची पायरी तरी आपोआप पार पडली. दोन्ही नव्या डिस्ट्रोंच्या लेबलवर ते नातं लिहिलेलं होतंच.

लेबल आहे म्हणून डोळे मिटू नका

ही फाइल सगळे प्रश्न सोडवत नाही. काही खाचखळगे सांगतो, कारण हे प्रत्यक्ष कामात लागतात.

अॅमेझॉनच्या लिनक्सचे व्हर्जन नंबर बघा. आधी होता २०१८.०३. त्यापुढची पिढी आली तिचा नंबर २. त्यानंतरची २०२३. म्हणजे ‘मोठा नंबर म्हणजे नवा’ हा हिशोब इथे उताणा पडतो. तसंच नंबरची तुलना अक्षरं समजून केली तर ‘१०’ हा ‘९’ च्या आधी येतो, कारण १ हा ९ च्या आधी. डेबियन ९ वरून १० झालं की अशा स्क्रिप्ट गडबडतात.

सेंटओएस ७ च्या फाइलमध्ये ‘व्हर्जन_आयडी’ म्हणून नुसतं ७ असतं, ७.९ नाही. बारीक नंबर तुम्हाला हवा असेल तर तो या ओळीत नाही. आर्च लिनक्ससारख्या डिस्ट्रो रोज थोड्या थोड्या बदलत राहतात, त्यांना व्हर्जनच नाही. तिथे ही ओळ नसते. ओळ नाही म्हणून तुमचा प्रोग्रॅम कोसळता कामा नये.

आणि डॉकर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा. कंटेनरच्या आत ही फाइल वाचली तर कंटेनरची ओळख मिळते, ज्या मशीनवर तो चाललाय तिची नाही. ग्राहक म्हणतो सर्व्हर उबुंटूचा, तुमचा लॉग म्हणतो अल्पाइन. दोघंही खरं बोलतायत.

म्हणून माझा सल्ला असा की ओळख फक्त गरजेपुरती वापरा. एखादी लायब्ररी मशीनवर आहे का, हे कळायला नाव-व्हर्जनवरून तर्क कशाला लढवायचा? थेट ती लायब्ररी आहे का ते तपासा. नाव हवं ते कुठली पॅकेज कमांड चालवायची, ग्राहकाला कुठली सूचना दाखवायची आणि सपोर्टच्या नोंदीत काय लिहायचं यासाठी.

ओळख पटलीच नाही तर? सरळ ‘सपोर्ट नाही’ म्हणून दार लावू नका. ‘ही सिस्टिम आम्ही तपासलेली नाही, तरी पुढे जायचं का?’ असं विचारा आणि फाइलमधला मजकूर लॉगमध्ये ठेवा. पुढचा फोन पाच मिनिटांत संपेल.

तुमच्या धंद्यात हे कुठे बसतं

सगळ्यात पहिलं म्हणजे सपोर्टच्या फॉर्ममधून ‘ऑपरेटिंग सिस्टिम कोणती?’ हा रकाना ग्राहकाने भरायचा ठेवू नका. तो ‘लिनक्स’ लिहिणार. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिस्टिमची माहिती पाठवा’ असं एक बटण द्या, जे ग्राहकाला विचारून ही फाइल वाचेल आणि पाठवेल. त्यात पासवर्ड नाही, ग्राहकाचा कुठलाही डेटा नाही, नुसतं लेबल आहे, हेही तिथेच लिहा. बटण नसेल तर व्हॉट्सअॅपवर एक ओळ पाठवून ठेवा: टर्मिनल उघडा, ‘कॅट’ कमांडने ‘इटीसी’मधली ‘ओएस-रिलीज’ फाइल दाखवा, फोटो पाठवा.

काही जण स्वतःचा तयार बॉक्स विकतात, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, आत डेबियन किंवा उबुंटू आणि वर आपलं बिलिंग सॉफ्टवेअर. मूळ सिस्टिममध्ये बदल करून ती तुम्ही स्वतःच्या नावाने देत असाल तर लेबलही तुमचं हवं. ‘आयडी’मध्ये आपलं नाव, ‘आयडी_लाइक’मध्ये मूळ डिस्ट्रो, ‘सपोर्ट_यूआरएल’मध्ये आपला पत्ता. नंतर या लेबलमध्ये ‘व्हेंडर_नेम’ अशी ओळही आली आहे, पुरवणारी कंपनी कोण हे सांगायला. मूळ लेबल तसंच ठेवलं तर तुमच्या बदलांमुळे झालेल्या बिघाडाची तक्रार तिकडे परदेशातल्या एखाद्या स्वयंसेवकाकडे जाणार, आणि तो बिचारा डोकं खाजवणार. फक्त दुसऱ्याचं नाव-चिन्ह वापरण्याचे नियम आधी वाचा, ते प्रत्येक डिस्ट्रोचे वेगळे आहेत.

आणि एक ओळ खास एएमसी घेणाऱ्यांसाठी: ‘सपोर्ट_एंड’. या सिस्टिमला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार, त्याची तारीख. पाकिटावरची एक्सपायरी डेटच म्हणा ना. फेडोरासारख्या डिस्ट्रो ती लिहितात, सगळ्या नाही. जिथे नाही तिथे ‘आयडी’ आणि ‘व्हर्जन_आयडी’वरून तारीख त्या डिस्ट्रोच्या वेबसाइटवर सापडते. एका एक्सेल शीटमध्ये ग्राहकाचं नाव, आयडी, व्हर्जन आणि ही तारीख असे चार कॉलम करा. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. ज्यांच्याकडे अशी यादी होती, त्यांना ग्राहकाला फोन करायला सहा महिने हातात होते.

शीटचा नमुना कसा बनवायचा ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो. तोपर्यंत तुमच्याकडच्या मशीनवर ही फाइल उघडून बघा आणि आत काय निघालं ते कमेंटमध्ये टाका.